‘नॅचरल’ नीलम, पण भट्टीत काय झालं?

नीलम किंवा पुष्कराज घेताना सोबतच्या कार्डावर ‘नॅचरल सफायर’ असं छापलेलं असतं. त्याचा अर्थ एवढाच, की खडा जमिनीतून निघाला, कारखान्यात वाढवलेला नाही. पुढे त्याच्यावर कोणती प्रक्रिया झाली हे त्या दोन शब्दांत येत नाही, आणि किमतीतला मोठा फरक तिथेच पडतो.

दोन्ही रत्नं एकाच खनिजाची, कुरुविंदाची. (खनिजशास्त्राच्या पुस्तकांत पुष्कराज म्हणजे टोपाझ, सराफाकडे मात्र पिवळा सफायर.) शुद्ध कुरुविंद रंगहीन असतं. निळा रंग येतो लोह आणि टायटॅनिअमच्या जोडीने. श्रीलंकेत ‘गेउडा’ नावाचे दुधट खडे निघतात, त्यांच्यातलं टायटॅनिअम केसासारख्या सूक्ष्म सुयांत अडकलेलं असतं. ऑक्सिजन कमी ठेवून खडा १६०० ते १८०० अंश सेल्सिअसला तापवला, की सुया विरघळतात, दुधटपणा जातो आणि निळा रंग खुलतो. हा रंग कायमचा. बाहेरून काही घातलेलं नसतं, म्हणून बाजारात ही प्रक्रिया मान्य आहे. बहुतेक नीलम असेच तापवलेले असतात. फसवणूक होते ती न तापवलेल्याचा भाव लावला तर.

पुष्कराजात जास्त जपायला हवं. २००१-०२ च्या सुमारास थायलंडमधल्या चंथाबुरीहून नारिंगी-गुलाबी खड्यांचा लोंढा बाजारात आला आणि प्रयोगशाळा काही काळ चक्रावल्या. ते खडे बेरिलिअमयुक्त खनिजासोबत तापवलेले होते. बेरिलिअमचा अणू लहान, तो खड्यात खोलवर, अनेकदा पार आरपार शिरतो. ॲल्युमिनिअमच्या जागी बसला की विद्युतभाराचा तोल बिघडतो आणि त्यातून पिवळा-नारिंगी रंग उमटतो. फिक्या खड्याचा असा भडक पुष्कराज होतो. बेरिलिअम असतं दशलक्ष भागांत मोजके भाग, त्यामुळे भिंगातून खात्रीने ओळखता येत नाही. लेझरने खड्याचा अतिसूक्ष्म कण उडवून त्यातली मूलद्रव्यं मोजावी लागतात. केवळ सूक्ष्मदर्शकावर दिलेलं कार्ड इथे पुरेसं नाही. ‘बेरिलिअमची तपासणी केली आहे का?’ असं थेट विचारा.

निळ्या रंगासाठी भट्टीत बाहेरून मुरवलेल्या टायटॅनिअमचं तसं नाही. ते वरच्या पातळ थरातच राहतं. कडा घासल्या गेल्या किंवा पुन्हा पॉलिश केलं, की फिका गाभा दिसू लागतो.

सगळ्यात वाईट प्रकार काच भरलेल्या खड्यांचा. भेगांनी भरलेल्या हलक्या मालात कोबाल्टयुक्त शिशाची काच वितळवून भरतात. १० पट भिंगाखाली खडा हळूहळू फिरवा: भेगांत निळी चमक, हवेचे गोल बुडबुडे आणि भेगेतच साचलेला रंग दिसतो. ग्रहाची अंगठी मागून उघडी असते, त्यामुळे मागून टॉर्च धरूनही पाहता येतं. ही काच लिंबाच्या रसानेही झिजते आणि अंगठी दुरुस्त करताना सराफाच्या ज्योतीने फुटते. दुरुस्तीला देताना खडा आधी काढून घ्या.

प्रयोगशाळेच्या रिपोर्टमध्ये नावापेक्षा शेरा वाचा. ‘नो इंडिकेशन्स ऑफ हीटिंग’ म्हणजे तापवल्याच्या खुणा आढळल्या नाहीत. शेऱ्याची जागा कोरी असेल तर तिचा अर्थ ‘उपचार नाही’ असा लावू नका. खडा जडवण्याआधीच वजन आणि मिलिमीटरमधली मापं रिपोर्टशी ताडून घ्या. वजन कॅरटमध्ये करा, म्हणजे २०० मिलिग्रॅमला एक. रत्ती दुकानागणिक बदलते. आणि ‘तापवलेला’ की ‘न तापवलेला’, हे बिलावर लिहून घ्या.