शहापूरची बातमी ठाण्यासाठी, शहापूरची बातमी शहापूरसाठी

ठाण्यात पत्रकारिता शिकवताना ग्रामीण बातमीचा विषय निघाला की वर्गात एक समजूत हमखास आढळते: गावाबद्दल लिहिलं की ती गावाची पत्रकारिता झाली. मुलं बहुतेक ठाणे, डोंबिवली, बदलापूरची. काही जण वासिंद-आसनगावहून कसारा लोकलने येतात. त्यांना ही समजूत कुठेतरी खटकते, पण का खटकते ते सांगता येत नाही. म्हणून मी व्याख्या सांगण्याआधी दोन बातम्या फळ्यावर लावतो. दोन्ही वर्गासाठी रचलेल्या आहेत, पण रोजचं वर्तमानपत्र वाचणाऱ्याला पहिली तरी तोंडपाठ वाटेल.

‘शहापूर, वार्ताहर : मुंबईची तहान भागवणाऱ्या शहापूर तालुक्यात धरण उशाला, कोरड घशाला अशी स्थिती असून हंडाभर पाण्यासाठी आदिवासी महिलांना रणरणत्या उन्हात पायपीट करावी लागत आहे. प्रशासनाने याकडे तातडीने लक्ष द्यावे, अशी मागणी होत आहे.’

दुसरी अशी: ‘वरच्या पाड्याला सोमवारपासून टँकरची एकच खेप येणार. सकाळची बंद, दुपारची चालू. पंचायत समिती म्हणते, दुसऱ्या खेपेचा ठराव आलाच नाही. ग्रामसेवक म्हणतात, पाठवला आहे. आम्ही आवक क्रमांक मागितला आहे, मिळाला की पुढच्या अंकात देऊ. टँकरच्या लॉगबुकवर पाड्यातून कोण सही करतं, ते विचारून ठेवा.’

पहिली बातमी खोटी नाही. तानसा आणि भातसा ही धरणं शहापूर तालुक्यात आहेत, तानसाचं पाणी तर १८९२ पासून मुंबईला जातंय, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात. ठाण्या-मुंबईत नळ उघडणाऱ्या माणसाला हे दरवर्षी सांगायलाच हवं. पण पायपीट करणाऱ्या बाईला त्या बातमीतून काय नवं कळलं? आपण चालतो, हे तिला ठाऊक आहे. एका पाड्यावर एका आजींनी आमच्या विद्यार्थिनीला उलट विचारलं होतं, की बाई, तू फोटो काढलास ते ठीक, पण टँकर उद्या येणार का ते तुला कळलं का? मुलीकडे उत्तर नव्हतं, कारण तिने तो प्रश्न कुणाला विचारलाच नव्हता.

फरक इथे आहे. पहिल्या प्रकारात, म्हणजे ग्रामीण वार्तांकनात, गाव हा विषय असतो आणि वाचक दुसरीकडे बसलेला असतो. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे समुदाय पत्रकारितेत, ज्यांच्याविषयी लिहायचं तेच वाचणार असतात आणि चुकलं तर सकाळी एसटीच्या थांब्यावर गाठून जाब विचारणार असतात. बाकीचे फरक यातूनच निघतात. पहिल्या बातमीत ‘मागणी होत आहे’ चालतं. मागणी कुणाची, ठाण्यात कोण विचारतो? दुसरीत ते चालत नाही. मागणी सरपंचांची की विरोधी पॅनेलची, हे पहिल्या ओळीतच सांगावं लागतं, नाहीतर अंक कुणी हातात धरणार नाही.

इथे विद्यार्थी एक हरकत घेतात, आणि ती रास्त आहे: वार्ताहर तर शहापूरचाच आहे ना? मग ती गावाचीच बातमी नाही का?

तालुका वार्ताहर हा या सगळ्यातला असा माणूस, की ज्याच्याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. तो गावचा असतो, त्याला प्रत्येक ग्रामपंचायतीतलं राजकारण माहीत असतं, पण त्याची बातमी ठाण्याच्या डेस्कवर कापली जाते. तिथे त्या दिवशी घोडबंदर रोडची कोंडी असेल, तर शहापूरच्या वाट्याला पुरवणीतला एक कॉलम येतो. मानधन तुटपुंजं. वर नेत्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा जाहिराती आणायची जबाबदारीही बहुधा त्याच्याच गळ्यात. ज्याच्याकडून जाहिरात आणायची, त्याच्याच रस्त्याच्या कामाची बातमी कशी करणार? त्यामुळे वार्ताहर कुठे राहतो यावरून प्रकार ठरत नाही. बातमी कुणासाठी कापली जाते, यावरून ठरतो. ठाण्याला स्वतःचं पत्र असण्याची परंपरा जुनी आहे, ‘अरुणोदय’ इथून १८६६ मध्ये निघालं, ‘ठाणे वैभव’ १९७५ पासून निघतंय. पण ठाणे शहराचं पत्र म्हणजे शहापूर तालुक्यातल्या डोळखांब-किन्हवलीचं पत्र नव्हे.

देशातली दोन नावं इथे नेहमी एकत्र घेतली जातात आणि गोंधळ वाढतो. पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१४ च्या डिसेंबरमध्ये सुरू केलेलं ‘पारी’ हे ग्रामीण भारताविषयीचं संकेतस्थळ म्हणजे ग्रामीण वार्तांकन आहे, आणि माझ्या मते त्याचा आपल्याकडचा सर्वांत चांगला नमुना. बाहेरच्या वाचकाला गाव दाखवायचं तर किती सबुरीने दाखवायला हवं, हे त्यात शिकायला मिळतं. मराठीतही वाचता येतं. ‘खबर लहरिया’ हे वर्तमानपत्र मात्र २००२ मध्ये उत्तर प्रदेशातल्या चित्रकूटमध्ये बुंदेली बोलीत निघालं तेव्हा उघड उघड दुसऱ्या प्रकारचं होतं. बातमी आणणाऱ्या, लिहिणाऱ्या आणि गावोगाव अंक विकायला नेणाऱ्या त्याच बायका. त्यांतल्या पुष्कळशा दलित. हापशी नादुरुस्त असल्याची बातमी छापायची आणि त्याच हापशीपाशी उभं राहून अंक विकायचा, यात जी परीक्षा आहे ती आमच्या कुठल्याच प्रश्नपत्रिकेत नाही. पुढे छापील अंक बंद होऊन सगळं व्हिडिओवर गेलं आणि प्रेक्षक दिल्ली-मुंबईतूनही आले. म्हणजे एकच संस्था एका प्रकाराकडून दुसऱ्याकडे सरकू शकते. त्यात वाईट काही नाही, फक्त आपण सरकलो आहोत हे माहीत असावं.

पहिल्या प्रकाराचे दोष समजून घ्यायला मी पत्रकारितेबाहेरच्या एका अभ्यासकाचा आधार घेतो. रॉबर्ट चेंबर्स या ब्रिटिश विकास-अभ्यासकाने १९८३ मध्ये शहरातून गाव पाहायला जाणाऱ्यांच्या नजरेची यादी केली होती. डांबरी रस्त्यालगतचं गाव दिसतं, आतलं नाही. जिथे आधीच एखादा प्रकल्प चालू आहे तिथेच पाहुणे जातात. पुढारी, पुरुष आणि बोलघेवडे लोक भेटतात. आणि कोरड्या दिवसांत जाणं होतं, पावसाळ्यात नाही. हे त्याने अधिकारी आणि तज्ज्ञांबद्दल लिहिलं, पण बातमीदाराला शब्दशः लागू पडतं. नाशिक महामार्गावरून दिसणारं शहापूर आणि डोळखांबच्या पुढे एसटी थांबते तिथून चालत गाठायचं शहापूर, हे दोन वेगळे तालुके वाटावेत.

ऋतूच्या बाबतीत मात्र आपल्याकडे थोडा वेगळा प्रकार झाला आहे. मे महिन्यात हंडा आणि जुलैमध्ये झोळीतून नेलेली गरोदर बाई, ही दोन चित्रं माध्यमांनी पक्की केली आहेत. मधल्या काळात गाव जणू नसतंच. दिवाळीनंतर शहापूर-मुरबाडमधली कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, भिवंडी-कल्याणकडे, आणि पावसाच्या तोंडावर परततात. भट्टीमालकाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, किती घेतली, हिशेब कसा झाला, पोरांच्या शाळेचं काय, रेशन कुठे मिळालं, याला ना उन्हाळ्याचा फोटो आहे ना पावसाळ्याचा. ही बातमी ठाण्याच्या अगदी दारात, भिवंडीच्या भट्टीवर घडते, तरी सुटते. ती गावासाठी लिहायची तर भट्टीवर जाण्याआधी, नवरात्राच्या सुमारास लिहायला लागेल, कारण उचलीचे व्यवहार तेव्हा होतात. वेळ कुणाच्या सोयीची, हा या दोन प्रकारांतला कमी दिसणारा आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा फरक आहे.

समृद्धी महामार्गाचंच पाहा. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला. राज्यभरच्या पत्रांत ७०१ किलोमीटर, बोगदे, वाचलेले तास. बरोबरच आहे, नागपूरच्या वाचकाला तेच हवं. पण रस्ता ज्याच्या शेतातून गेला त्याच्या शेजाऱ्याचे प्रश्न वेगळे असतात: खालचा मोऱ्यांचा रस्ता बैलगाडीला पुरतो का, पावसाचं पाणी आता कुणाच्या भातात उतरणार, सातबाऱ्यावर उरलेलं क्षेत्र बरोबर चढलं का. मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावच्या जत्रेची गतही तीच. शहरी पुरवणीत रंगीत छायाचित्रं आणि हातोलीची मिठाई. मुरबाडच्या शेतकऱ्याला बैलांचे भाव आणि जादा एसटीची वेळ.

संशोधनाच्या दृष्टीने दोन्हींना वेगळं माप लावावं लागतं, आणि प्रबंध लिहिणारी मुलं इथेच अडकतात. ग्रामीण वार्तांकन मोजता येतं. वर्षभराच्या पुरवण्या घ्या, तालुक्याची प्रत्येक बातमी काढा, रकाने करा: विषय कोणता, गावाचं नाव आहे की नुसतं ‘दुर्गम भागात’, अवतरणचिन्हांत कोण बोलतं, पाठपुरावा आला का. मी मुलांना आणखी एक रकाना करायला लावतो: वाचून गावातल्या माणसाला दुसऱ्या दिवशी काही करता येईल का? हा रकाना भरताना पेन बराच वेळ हवेत राहतं. समुदाय पत्रकारिता मात्र अंक मोजून कळत नाही. दोन पानांचं पत्रक असेल, भाषा ओबडधोबड असेल. तिथे वाचणाऱ्यांकडेच जावं लागतं. कुणी वाचून दाखवलं, कुणाला राग आला, ग्रामसभेत कुणी तो कागद पुढे केला. हे काम संथ आहे आणि तक्त्यात बसत नाही, म्हणून मार्गदर्शकही पहिल्याच प्रकारचा विषय सुचवतात. मीही पुष्कळदा तेच सुचवतो, मुलांना वेळेत पदवी मिळायला हवी.

गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपला समुदाय पत्रकारिता म्हणावं का, हा ठरलेला प्रश्न. नाही म्हणावं. वीज कधी येणार ते तिथे लवकर कळतं, पण चुकीचं टाकलं तर दुरुस्ती कुणी देत नाही आणि आरोप झाला तर दुसरी बाजू कुणी विचारत नाही. कम्युनिटी रेडिओचं, म्हणजे एका परिसरापुरत्या चालणाऱ्या छोट्या केंद्रांचं, वेगळं. २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांनाही केंद्र काढता येऊ लागलं, सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ उभं राहिलं. पण स्वतःच्या बातम्या द्यायला या केंद्रांना परवानगी नाही, आकाशवाणीचं बातमीपत्र तेवढं लावता येतं. बाजारभाव सांगा, हवामान सांगा, ग्रामसभेत निधीवरून काय वाजलं ते मात्र सांगू नका, असा हा कारभार. मला हे हास्यास्पद वाटतं.

समुदाय म्हटलं की गावच हवं, असंही नाही. नवी मुंबईसाठी ९५ गावांची जमीन गेली. शहर वसवणारी सिडको १९७० ची, महापालिका १९९२ ची. घणसोली, दिवाळे, बेलापूर आता कागदोपत्री शहर आहेत. पण गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळायचे साडेबारा टक्क्यांचे भूखंड, गरजेपोटी बांधलेली घरं, खाडीतली मासेमारी, गावदेवीची जत्रा हे आगरी-कोळी वस्तीचे विषय टॉवरमधल्या वाचकाच्या पानावर येतात ते ‘अतिक्रमण’ या एका शब्दात. इथे ग्रामीण काही उरलं नाही, समुदाय मात्र आहे, आणि त्याला स्वतःचं पत्रक लागतं.

एवढं ऐकून मुलं दुसऱ्या टोकाला जातात: म्हणजे दुसरा प्रकार चांगला, पहिला वाईट. तसं नाही. जवळ असण्याची किंमत असते. अमेरिकेत केंटकीच्या कोळसापट्ट्यात टॉम आणि पॅट गिश या दांपत्याने ‘माउंटन ईगल’ हे छोटं साप्ताहिक चालवलं, खाणवाल्यांविरुद्ध आणि पोलिसांविरुद्धही लिहिलं. १९७४ मध्ये त्यांचं कार्यालय जाळलं गेलं. अंकावर त्यांचं ब्रीद असायचं, ‘हा गरुड किंचाळतो’. आगीनंतर ‘अजूनही किंचाळतो’ असं छापून अंक काढला. असं धैर्य वीस वर्षांच्या विद्यार्थ्याकडून किंवा पाड्यावरच्या अंगणवाडी सेविकेकडून मागायचा मला अधिकार नाही.

म्हणून २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेचा गृहपाठ मी दोन भागांत देतो. पाड्यासाठी एक पान: वित्त आयोगाचे पाण्यासाठीच खर्चायचे म्हणून आलेले पैसे कुठे गेले, जल जीवन योजनेच्या नळाला माणशी रोज ५५ लिटर येतात का, आणि पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) लागू असेल तर पाड्याची स्वतःची ग्रामसभा कधी. ठाण्यासाठी तीनशे शब्द वेगळे. नळाचा ठेकेदार सरपंचांचा साडू निघाला, तर? गावाच्या पानात नाव लिहिणारी मुलगी संध्याकाळी त्याच आळीत झोपायला जाणार असते. अशा वेळी नाव ठाण्याच्या बातमीत, पुराव्यासकट. मग गावाच्या पानात चौकशी कोण करणार, कामाचं अंदाजपत्रक कुठे पाहायला मिळेल आणि माहिती अधिकाराचा अर्ज कुणाकडे द्यायचा, एवढंच छापायचं. यंदाच्या वर्गात दोघांनी हा पळपुटेपणा आहे म्हणून वाद घातला. त्यातला एक खर्डीचा आहे. त्याने गावच्या पानातही नाव छापलं, खाली स्वतःची सही केली आणि अंक नेऊन सरपंचांच्याच हातात दिला. मी त्याला पूर्ण गुण दिले. पुढच्या तुकडीला मात्र आधीचीच रीत शिकवणार आहे.