सायकलवर ऑफिसला जाताना घालायचं काय?

मी कोथरूडहून शिवाजीनगरला रोज सायकलने जाते, अर्ध्या तासाचा रस्ता आहे, आणि लोक हमखास विचारतात की अगं घामाने भिजत नाहीस का, कपडे कुठले घालतेस.

भिजते ना! पायडल मारताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात त्यातली जेमतेम पाव हिस्सा चाकापर्यंत पोचते, बाकीची उष्णता होते आणि ती बाहेर काढायचं काम घामाचं. एक ग्रॅम घाम वाळताना साधारण २.४ किलोजूल उष्णता घेऊन जातो. त्या हिशोबाने निवांत अर्धा तास चालवली तरी १५० मिलीच्या आसपास घाम लागतो, म्हणजे दोन कटिंग चहा. पण टपकलेला घाम वाया जातो, गारवा मिळतो तो फक्त वाळलेल्या घामाने. म्हणून कपडा असा हवा की त्यातून घाम पटकन वाळेल.

इथे सुती की पॉलिएस्टर हा वाद येतो. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत कापूस स्वतःच्या वजनाच्या ८.५ टक्के ओल धरतो आणि पॉलिएस्टर फक्त ०.४ टक्के, त्यामुळे जाड सुती टीशर्ट एकदा भिजला की दुपारपर्यंत पाठीला चिकटून बसतो. पॉलिएस्टरमध्ये पाणी धाग्याच्या आत शिरतच नाही, धाग्यांच्या मधून पसरतं आणि लवकर उडून जातं. मग पॉलिएस्टरच घ्यावं का? तर वासाचं काय! बेल्जियममधल्या घेंट विद्यापीठात २६ जणांना व्यायामाच्या सायकलवर घाम गाळायला लावून त्यांचे टीशर्ट दुसऱ्या दिवशी हुंगले, आणि पॉलिएस्टरचे जास्त घाण वास मारत होते, कारण मायक्रोकॉकस नावाचे जिवाणू त्यावर जोमाने वाढतात (२०१४ चा अभ्यास आहे).

माझ्या मते आपल्या हवेला पातळ, विरळ विणीचा हातमागाचा सुती कुर्ता सगळ्यात बेस्ट. सैल असल्याने आतून वारा खेळतो, पातळ असल्याने पाणी कमी धरतो, आणि दोन्ही बाजूंच्या स्लिटमुळे गुडघा मोकळा वर येतो. स्लिट अपुरी वाटली तर टेलरकडून दोन-तीन इंच उसवून घ्यायची, त्यासाठी महागडी सायकलिंग जर्सी लागत नाही. ओढणी मात्र बॅगेत, चाकात अडकली तर थेट जिवाशी खेळ. आणि बॅग पाठीवर नको, कॅरिअरला लावा, कारण पाठीवर बॅग असली की तिथला घाम वाळायला हवाच मिळत नाही.

शेवटचा एक किलोमीटर हळू चालवा. थांबल्यावर अंगावरचा वारा बंद होतो पण शरीर अजून तापलेलं असतं, म्हणून खरा घाम पार्किंगमध्ये फुटतो.

संध्याकाळी परतताना फ्लोरोसंट रंगांवर विसंबू नका, ते अतिनील किरणांवर चमकतात, जे दिवसा उन्हात भरपूर असतात आणि रात्री जवळपास नसतातच. रात्री हवी रिफ्लेक्टिव्ह टेप, तिच्यातले काचेचे बारीक मणी हेडलाइटचा उजेड आला त्याच दिशेने परत पाठवतात. आणि ती घोट्याजवळ लावायची. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहानसन यांनी १९७३ साली दाखवलं की सांध्यांवरचे नुसते हलणारे ठिपके पाहूनसुद्धा हा माणूस आहे हे आपल्याला क्षणात कळतं, त्यामुळे वरखाली होणारे दोन घोटे ड्रायव्हरच्या लगेच लक्षात येतात. मी ती टेप पॅन्टच्या मोहरीला आतून शिवून घेतलीय, ऑफिसात कुणाला दिसत नाही, आणि निघताना पॅन्ट दुमडली की टेप बाहेर येते आणि उजवा पाय चेनच्या ग्रीसपासूनही वाचतो.