केस गळतोय की तुटतोय?

कोकणात केसांच्या कुठल्याही तक्रारीवर एकच उत्तर मिळतं: तेल लाव गो. माका, जास्वंद घालून कढवलेलं खोबरेल, तेही घाण्यावरचं. उत्तर चुकीचं नाही, पण ते अर्ध्याच तक्रारीला लागू पडतं. फणीत आलेला केस मुळापासून सुटलेला असतो किंवा मधेच तुटलेला. वेणी दोन्हींनी बारीक होते, म्हणून घोळ होतो.

ओळखणं सोपं आहे. फणीतले काही केस उजेडात धरून बघा. केस पूर्ण लांबीचा आणि एका टोकाला पांढरट बारीक गाठ असेल, तर तो गळलेला. गाठ नाही, तुकडे लहानमोठे, टोक फाटलेलं, तर तुटलेला. ती गाठ बघून ‘मूळच उपटून आलं’ म्हणत पुष्कळजणी घाबरतात. मूळ कातडीखाली जागेवरच असतं, नवा केस तिथूनच उगवतो.

आधी गळणारा केस घेऊ. डोक्यावर साधारण 1 लाख केस असतात. प्रत्येक केस 2 ते 6 वर्षं वाढतो, मग जवळपास 3 महिने नुसता थांबतो आणि गळून पडतो. त्यामुळे रोज 50 ते 100 केस जाणं यात विशेष काही नाही. पण दणकून ताप, बाळंतपण, मोठं ऑपरेशन किंवा उपाशी राहून उतरवलेलं वजन असा धक्का बसला, की वाढत असलेले पुष्कळ केस एकदम थांबतात. आणि गळतात मात्र 2-3 महिन्यांनी. खरी गंमत इथे आहे. भातलावणीच्या दिवसांत, आषाढात, मलेरिया, डेंग्यू किंवा लेप्टोने अंथरूण धरलेलं असतं आणि केस जायला लागतात भाद्रपद-आश्विनात. तोवर ताप विसरलेला असतो. आळ येतो गणपतीला आणलेल्या नव्या शाम्पूवर, नाहीतर विहिरीच्या पाण्यावर. खाडीकाठच्या मचूळ पाण्याने केस राठ होतात, साबणाला फेस येत नाही, हे खरं. पण पाणी काही मूळ सोडवत नाही.

या गळतीवर तेलाचा काडीचाही उपयोग नाही, कारण बिघाड अंगात झालेला असतो. तापानंतरची गळती बहुतेकदा 6 महिन्यांत आपोआप थांबते. त्या काळात नुसत्या पेजेवर राहू नये. कुळथाची पिठी, अंडी, मासळी, लोह भरपूर असलेल्या तिसऱ्या (शिंपल्या) खाव्यात, आणि जेवणावर लगेच चहा नको, कारण तो लोह अंगी लागू देत नाही. गळती थांबत नसेल तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घ्यावं. अंगावरून जास्त जाणाऱ्या बायकांनी तर वाटच बघू नये.

तुटणाऱ्या केसाचं कारण बाहेर असतं, आणि बरेचदा ते आपल्याच हातचं असतं. ओला केस कमजोर असतो, जास्त ताणतो आणि चटकन तुटतो. पावसाळ्यात न्हाल्यावर केस दिवसभर वाळत नाहीत, घाईघाईत ओलाच अंबाडा बांधला जातो, वर अबोलीचा वळेसर. त्यात स्ट्रेटनिंग, ब्लीच, टॉवेलने खसाखसा पुसणं. इथे मात्र आजीचं खोबरेल खरंच कामाचं. त्यातलं लॉरिक आम्ल केसाच्या आतपर्यंत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलाला हे जमलं नव्हतं. न्हाण्याआधी काही तास केसांच्या लांबीला, टोकांना लावावं. टाळूवर थापायची गरज नाही. कोंडा असेल तर टाळूला तेल नकोच. कोंड्यातली बुरशी तेलकटपणावरच पोसते आणि आपल्या दमट हवेत तिला मोकळं रान मिळतं. गुंता रुंद दातांच्या फणीने, टोकाकडून वर सोडवत यावा. फाटलेलं टोक कशानेही सांधत नाही, तेवढं कापावंच लागतं. केस महिन्याला जेमतेम 1 सेंटीमीटर वाढतो, तेव्हा बदल दिसायला वेळ लागणार.

या दोन्हींत न बसणारे प्रकारही आहेत. घट्ट अंबाड्याने कपाळाच्या कडेचे केस विरळ होतात. ताण वेळीच सैल केला तर ते परत येतात, वर्षानुवर्षं चालू ठेवला तर नाही. भांग रुंदावत चालला असेल, पण फणीत फार केस येत नसतील, तर ती आनुवंशिक विरळता असू शकते. तिच्यावर मिनॉक्सिडिल नावाचं औषध आहे, पण डॉक्टरला विचारून, आणि गरोदरपणात नाही. गोल चट्टा पडला, म्हणजे चाई, तर सरळ त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं. आणि रक्ततपासणीला जाताना बायोटिनच्या (केसांसाठी घेतात त्या जीवनसत्त्वाच्या) गोळ्या चालू असतील तर तसं सांगा, कारण त्यांनी थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो.