मिठाच्या बरणीला पाझर का फुटतो?

मृग लागला की कोकणातल्या घरात दोन गोष्टी हटकून होतात. ओट्यावरच्या मिठाच्या बरणीला पाझर फुटतो, आणि मे महिन्यात हौसेने घातलेल्या आंबापोळीवर कुठेतरी कापसासारखी पांढरी बुरशी दिसते. मिठाचं कुणाला काही वाटत नाही, दरवर्षीचंच. पोळीसाठी मात्र कारणं तयार असतात: ऊन कमी पडलं, साखर कमी पडली, आंबाच पाणचट होता, नाहीतर विटाळशीचा हात लागला. हे शेवटचं कारण अजूनही सांगितलं जातं, म्हणून आधीच निकालात काढू. बुरशीचे बीजाणू घरातल्या हवेत बारा महिने तरंगत असतात. त्यांना हात कुणाचा ते कळत नाही, पाणी कळतं. ओला चमचा, न पुसलेली बरणी किंवा कोमट असतानाच बंद केलेलं पाकीट त्यांना पुरतं.

मीठ आणि पोळी या दोन्ही गोष्टी एकाच मोजपट्टीवर बसतात. परसातले जास्तीचे आंबे-रातांबे (रातांबा म्हणजे कोकमाचं फळ) आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या, बेगमीपुरते न ठेवता ज्याला विकायचे आहेत, त्याने ही मोजपट्टी समजून घेतल्याशिवाय पाकिटावर ‘सहा महिने टिकेल’ असं छापू नये.

पदार्थात पाणी किती आहे, यावरून तो टिकेल की नाही हे ठरत नाही. मिठाच्या संपृक्त द्रावणात जवळजवळ तीन चतुर्थांश पाणीच असतं, तरी त्यात काही मोजके मीठप्रेमी जिवाणू सोडले तर कुणी वाढत नाही. उलट शेंगदाण्यात दहा-बारा टक्केच पाणी असलं तरी बुरशी धरते. फरक आहे तो मोकळ्या पाण्याचा. मिठाने किंवा साखरेने धरून ठेवलेलं पाणी जंतूला ओढून घेता येत नाही. या मोकळेपणाला जलसक्रियता म्हणतात. शुद्ध पाण्याची १, पूर्ण कोरड्या पदार्थाची ०. ऑस्ट्रेलियातले विल्यम जेम्स स्कॉट यांनी १९५३ साली स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूवरच्या कामातून दाखवून दिलं की त्याची वाढ एकूण पाण्यावर नाही, या आकड्यावर ठरते. पुढे प्रत्येक जंतूची खालची मर्यादा मोजली गेली. बहुतेक जिवाणू ०.९१ च्या खाली थांबतात, स्टॅफिलोकोकस ०.८६ पर्यंत तग धरतो, नेहमीचे यीस्ट ०.८८ ला आणि नेहमीच्या बुरश्या ०.८० ला हात टेकतात. ०.६१ च्या खाली कुणीच वाढत नाही. जंतू मेलेले नसतात, नुसते अडलेले असतात. पाणी परत मिळालं की परत उठतात.

आता मीठ आणि साखर यांतला फरक पाहू. इथे जरा शाळेतलं रसायनशास्त्र आठवावं लागेल. पाणी किती बांधलं जाणार हे विरघळलेल्या पदार्थाच्या वजनावर नाही, कणांच्या संख्येवर ठरतं. साखरेच्या रेणूचं वस्तुमान ३४२, मिठाचं ५८.५. शिवाय मीठ पाण्यात पडलं की सोडियम आणि क्लोराइड असे दोन तुकडे होतात. म्हणजे एक ग्रॅम मिठातून साखरेच्या जवळजवळ बारा पट कण मिळतात. म्हणूनच १०० ग्रॅम पाण्यात ३६ ग्रॅम मीठ मावेनासं झालं की सक्रियता ०.७५ वर येते, आणि १०० ग्रॅम पाण्यात दोनशे ग्रॅम साखर कोंबली तरी आकडा ०.८६ च्या आसपासच अडतो. साखरेच्या पाकाची धाव तेवढीच. त्यापुढे साखरेचे खडे पडतात.

अमृत कोकम, म्हणजे रातांब्याच्या साली साखरेत मुरवून केलेलं सरबत, मात्र याच्याही खाली जातं. रातांब्याच्या सालीचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका पदार्थ आंबट) दोनच्या आसपास. एवढ्या आंबट रसात साखर उन्हात आठवडाभर राहिली की हळूहळू फुटते: एका रेणूचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन रेणू होतात. साखरेचं वजन जवळपास तेच, पण कण दुप्पट व्हायला लागतात. सक्रियता आणखी उतरते, आणि बरणीच्या तळाला साखर गोठतही नाही. आजी ‘सरबत उन्हात मुरू दे’ म्हणायची त्यात उष्णतेचं काम होतं, फक्त ते जंतू मारण्याचं नव्हतं.

या आकड्याची गंमत अशी की तो हवेलाही लागू पडतो. हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्के असेल, तर तिच्यात उघडा ठेवलेला पदार्थ शेवटी ०.७५ वर येऊन थांबतो. ओला असेल तर वाळून, वाळलेला असेल तर ओल खेचून. मीठ नेमकं याच उंबरठ्यावर बसलंय. ७५ टक्क्यांच्या वर हवा गेली की ते पाणी ओढतं, आणि त्यालाच आपण पाझर म्हणतो. शिरोड्याच्या मिठागरातलं, १९३० च्या सत्याग्रहामुळे शाळेच्या पुस्तकात गेलेलं जाडं मीठ याहून आधीच ओलं होतं, कारण त्यात मॅग्नेशियम क्लोराइडचा अंश असतो आणि त्याचा उंबरठा ३३ टक्क्यांवर आहे.

किनाऱ्यावर मे महिन्यात दुपारची आर्द्रता ६०-७० टक्के आणि पहाटेची ८० च्या वर, हे नेहमीचं. म्हणजे रात्रभर अंगणात राहिलेली पोळी दिवसा घालवलेलं पाणी पहाटेपर्यंत परत पिते. उन्हं उतरायच्या आत सुपं आणि ताटं घरात घ्यायची रीत त्यासाठीच. उन्हात ठेवायच्या, काचेच्या झाकणाच्या वाळवणीपेटीचं कामही यातूनच समजतं. ३२ अंशांची, ७० टक्के आर्द्रतेची हवा काचेखाली तापून ५० अंशांवर गेली, तर पाण्याची वाफ तेवढीच राहूनही आर्द्रता २७ टक्क्यांवर येते. मात्र पेटीला खाली आणि वर भोकं हवीत. बंद पेटीत वाफ कोंडते आणि पोळी वाळत नाही, शिजते.

पोळी पुरेशी वाळली का, हे बोटाने दाबून कळत नाही. जलसक्रियता मोजायचं यंत्र महाग आहे, पण घरात करता येण्यासारखी एक चाचणी आहे. हवाबंद झाकणाच्या डब्यात तळाला बारीक शुद्ध मीठ घ्या, समुद्राचं जाडं नको. त्यावर पाणी शिंपडून ओल्या वाळूसारखा लगदा करा. काही मीठ न विरघळता दिसत राहिलं पाहिजे. त्यावर वाटी उपडी ठेवून तिच्यावर पोळीची पातळ पट्टी ठेवा, साधारण २० ग्रॅम, ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तोलून. पट्टी मिठाला लागू द्यायची नाही. झाकण घट्ट लावून डबा सावलीत दोन-तीन दिवस ठेवा. आतली हवा ७५ टक्क्यांवर बांधली गेलेली असते. पट्टीचं वजन वाढलं तर पोळी ०.७५ पेक्षा कोरडी होती, पाकीट भरा. वजन घटलं तर ती ओली होती, सगळी खेप पुन्हा उन्हात. वजन किती बदललं याला महत्त्व नाही, कुठल्या बाजूला बदललं तेवढं बघायचं. डबा दिवसा उन्हात आणि रात्री गार जागी फिरवला तर झाकणाला थेंब धरतात आणि चाचणी बिघडते.

आंबापोळीसाठी हापूसच लागतो असं नाही, परसात सडणारा रायवळ असतोच. रस चाळणीतून काढून धागे वेगळे करा. किलोमागे १०० ग्रॅम साखर घालून ८० अंशांपर्यंत तापवा, म्हणजे रंग काळवंडवणारी विकरं (एन्झाइम) निकामी होतात. तूप लावलेल्या ताटात तीन-चार मिलिमीटरचाच थर द्या. थर दुप्पट जाड केला तर वाळायला दुप्पट वेळ लागत नाही, चौपट लागतो, कारण आतल्या पाण्याला पृष्ठभागापर्यंत झिरपत यावं लागतं आणि तो वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो. जाड थराचं आणखी एक दुखणं आहे. वरचा पापुद्रा आधी कडक होतो, आतलं पाणी अडकतं, आणि महिन्याभराने ते बाहेर झिरपून पृष्ठभाग ओला करतं. जूनमधली बुरशी बहुतेक वेळा तीच. पहिला थर सुटा होईल इतका वाळल्यावर दुसरा द्यावा. पेटीचं तापमान ६० अंशांच्या वर नेऊ नये.

रातांब्याचं काम तुलनेने सोपं, कारण आंबटपणा आधीच पाठीशी असतो. आमसुलासाठी घट्ट, लाल फळं धुऊन-पुसून दोन फाका करा. बिया आणि गर वेगळा काढून त्यात किलोमागे १०० ग्रॅम मीठ घाला. साली एक दिवस नुसत्या वाळवा, मग त्या रसात बुडवून पुन्हा वाळवा, अशी चार-पाच पुटं. पावसाळ्यात आमसुलं ओलसर झाली म्हणजे नासली असं नव्हे. त्यावरचं मीठ पाझरलेलं असतं, आणि तो ओलावा संपृक्त मिठाचा म्हणजे ०.७५ चा असतो. डबा उघडा राहून तो पातळ होत गेला की मग काळजी.

अमृत कोकमला सालींच्या दुप्पट साखर: एक किलो सालीला दोन किलो, बरणीत थरावर थर, वर कापड, रोज हलवून सात-आठ दिवस ऊन. निम्मी साखर वाचवायला गेलं तर हिशोब बघा. सालीत आठशे ग्रॅम पाणी धरलं तर दोन किलो साखरेचा पाक सुमारे ७१ टक्क्यांचा होतो, एक किलोचा ५६ टक्क्यांचा, आणि त्याची सक्रियता ०.९३ च्या आसपास राहते. यीस्ट त्यात आनंदाने नांदतं, बाटलीचं बूच उडतं. जास्त खबरदारी हवी असेल तर सोडियम बेंझोएट हे परिरक्षक (पदार्थ टिकवणारं रसायन) घालता येतं, किलोमागे ६०० मिलिग्रॅम हे सरबतांचं रुळलेलं प्रमाण आहे. ते आधी अर्धी वाटी साध्या पाण्यात विरघळवून, सरबत ढवळत ढवळत घालावं. कोरडी पूड थेट आंबट रसात पडली की बेंझोइक आम्लाचे पांढरे कण साका धरतात. आंब्याच्या रसाला चालणारं पोटॅशियम मेटाबायसल्फाइट हे दुसरं परिरक्षक इथे चालत नाही. त्यातला सल्फर डायऑक्साइड कोकमाचा लाल रंगच फिका करतो. ‘रसायन नको’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगणं, की मीठही रसायनच आहे आणि त्याचंही प्रमाण चुकतं. भांडं स्टीलचं किंवा चिनी मातीचं घ्या. ॲल्युमिनियम आणि लोखंड हा रस खातो. बिया फेकू नयेत, मुठेल म्हणजे कोकमाचं घट्ट तेल त्यातूनच निघतं.

फणसाबाबत मात्र सावध. बरक्याचा, म्हणजे मऊ गऱ्यांच्या फणसाचा, गर आंबटपणात आंब्याच्या जवळपासही नसतो. त्याचा पीएच ४.६ च्या वर असू शकतो. ही रेघ ओलांडली की हवाबंद बाटलीत बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचा जिवाणू विष तयार करू शकतो, आणि उकळत्या पाण्याने त्याचे बीजाणू मरत नाहीत. घरगुती उद्योगाने फणसाचा रस बाटलीत भरू नये, फणसपोळी करावी. तेलाचंही तसंच. लोणच्यावरचं तेल पाणी बांधत नाही, फक्त हवा अडवतं. त्याने बुरशी थांबते, पण या जिवाणूला हवा नकोच असते. कैरीचं लोणचं टिकतं ते मीठ आणि आंबटपणामुळे. नुसत्या तेलात बुडवलेला लसूण त्या भरवशावर ठेवू नये.

विक्रीत सगळ्यात मोठा मोह वजनाचा. आंब्याच्या रसात १८ टक्के घन भाग धरला, तर एक किलो रस आणि १०० ग्रॅम साखर मिळून २८० ग्रॅम घन. १५ टक्के ओलावा ठेवला तर पोळी ३२९ ग्रॅम भरते, २५ टक्के ठेवला तर ३७३. हे जास्तीचे ४४ ग्रॅम पाणी आंबापोळीच्या भावाने विकलं जातं, पोळी मऊही लागते, आणि गिऱ्हाईक खूश होतं, पाऊस पडेपर्यंत.

अन्नसुरक्षा नोंदणीचा १४ आकडी क्रमांक, वजनाच्या उतरत्या क्रमाने घटक, निव्वळ वजन, खेप क्रमांक, तारखा आणि शाकाहाराची हिरवी खूण एवढं पाकिटावर हवंच. बेंझोएट घातलं असेल तर ‘परिरक्षक २११’ असं उघड लिहायचं, आणि आपल्या पदार्थाला लागू असलेली मर्यादा नोंदणीच्या वेळीच तपासून घ्यायची. हापूसला २०१८ पासून भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा रायवळची पोळी रायवळ म्हणूनच विकावी. तिला स्वतःची चव आहे. आणि कोकमाच्या बाटलीवर ‘वजन घटवते’ हे लिहू नये. कोकमातलं हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल घेऊन १९९८ साली अमेरिकेत १३५ जणांवर १२ आठवडे चाचणी झाली. ते आम्ल कोकमाच्या भाऊबंदातल्या दुसऱ्या झाडाचं होतं. औषध घेतलेले आणि नुसती खोटी गोळी घेतलेले, यांच्या घटलेल्या वजनात फरक सापडला नाही.

पाकिटं भरायची वेळ दुपारी एक ते चार, हवा सगळ्यात कोरडी असताना. पोळी उन्हातून काढली की आधी घरात पूर्ण गार होऊ द्यायची. कोमट भरली तर पाकिटाच्या आतल्या बाजूला वाफेचे बारीक थेंब धरतात. बाकीची पोळी ०.६५ ला असली तरी त्या थेंबाखालच्या मोहरीएवढ्या जागेत आकडा १ असतो, आणि बुरशीचा पहिला ठिपका तिथेच उठतो.