थोरांना धास्ती, तरुणांची उडी

फ्रेंच संगीतकार देब्यूसीच्या क्वार्टेटचा, म्हणजे चार तंतुवाद्यांसाठीच्या रचनेचा, दुसरा भाग कुणी शिकणारी चौकडी वाजवत असेल, तर व्हियोलाकडे, म्हणजे व्हायोलिनच्या जरा मोठ्या भावंडाकडे, बघावं. त्याची एक छोटीशी घोळवलेली धून गजावर चालू असते आणि बाकीचे तिघे गज न लावता नुसत्या बोटांनी तारा छेडत असतात. एकाचंही बोट अर्धा क्षण चुकलं तरी सगळ्यांना कळतं. दोन व्हायोलिन, एक व्हियोला, एक चेलो, समोर कंडक्टर नाही. चुकलं तर लपायला जागाच नाही.

फ्रान्समध्ये या प्रकाराला मान मिळायला बराच काळ गेला. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये क्वार्टेटच्या वह्या भरपूर छापल्या जात. ग्वादलूप बेटावर जन्मलेल्या आणि तलवारबाजीतही नाव कमावलेल्या संगीतकार सेंट-जॉर्जने याच काळात आपले क्वार्टेट लिहिले. पण पुढे ऑपेराने सगळ्यांना झाकून टाकलं. बर्लिओझसारख्या फ्रेंच संगीतकाराने तर एकही क्वार्टेट लिहिला नाही. १८१४ मध्ये व्हायोलिनवादक पिएर बायो याने वर्गणीदारांसाठी मैफली सुरू केल्या, त्यांत मुख्यतः हायडन, मोझार्ट, बोकेरिनी आणि बेथोव्हेन. यजमान फ्रेंच, पदार्थ बहुतेक परके!

प्रशिया या जर्मन राज्याशी झालेल्या युद्धातल्या पराभवाने चित्र बदललं. फेब्रुवारी १८७१ मध्ये सें-साँस आणि रोमँ ब्यूसीन यांनी ‘सोसिएते नास्योनाल द म्युझिक’ (राष्ट्रीय संगीत संस्था) स्थापन केली, ती फ्रेंच संगीतकारांची नवी रचना लोकांपुढे यावी म्हणून. व्यासपीठ मिळालं, तरी क्वार्टेट म्हटलं की बेथोव्हेनची सावली आडवी येई. खुद्द सें-साँसने पहिला क्वार्टेट लिहिला १८९९ मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. फ्रँकने साठी ओलांडल्यावर. फोरेने तर अगदी शेवटी, १९२४ मध्ये. तो जाहीरपणे वाजला तेव्हा फोरे हयात नव्हता.

तरुणांनी मात्र ही धास्ती घेतली नाही. २९ डिसेंबर १८९३ रोजी याच संस्थेत ‘इझाई क्वार्टेट’ या वादकांच्या चौकडीने देब्यूसीची रचना वाजवली, तेव्हा देब्यूसी एकतीस वर्षांचा होता. जवळचा मित्र, संगीतकार शोसाँ यालाही ती फारशी रुचली नाही आणि देब्यूसीला ते लागलं.

राव्हेलचं प्रकरण आणखी तिखट. त्याने आपल्या क्वार्टेटचा पहिला भाग १९०३ च्या सुरुवातीला पॅरिस कन्झर्व्हेटरी या संगीत विद्यालयाच्या स्पर्धेत दिला. बक्षीस मिळालं नाही. त्याने कन्झर्व्हेटरी सोडली. ५ मार्च १९०४ ला, एकोणतिसावा वाढदिवस दोन दिवसांवर असताना, पूर्ण रचना वाजली. ती अर्पण केली होती गुरू फोरेला. पुढच्या वर्षी ‘प्री द रोम’ या मानाच्या स्पर्धेच्या प्राथमिक फेरीतच राव्हेलला बाद केलं, वर्तमानपत्रांत गदारोळ उठला, कन्झर्व्हेटरीचा संचालक द्युबॉ पायउतार झाला आणि त्याच्या खुर्चीत बसला फोरे. इतका चोख न्याय क्वचितच होत असेल.

आज हे दोन क्वार्टेट तरुण चौकड्यांच्या हमखास यादीत असतात. पॅरिसलगतच्या बुलोन-बियांकूरमध्ये १९९९ साली विद्यार्थ्यांनी जमवलेल्या ‘क्वात्युओर एबेन’ या चौकडीने २००४ मध्ये म्युनिकची एआरडी संगीत स्पर्धा जिंकली आणि चार वर्षांनी देब्यूसी, राव्हेल आणि फोरे एकाच अल्बममध्ये आणले. राव्हेलच्या शेवटच्या भागात पाच मात्रांची धावपळ आहे. तिथे चौघांच्याही माना एकदम हलताना दिसतात.