ऑपरेशन पोटाचं, मग तोंड का बघायचं?

मी भूल देणारी डॉक्टर. हर्नियासाठी भरती झालेल्या आजोबांना मी म्हणते, "ताठ बसा, मोठा आ करा, जीभ बाहेर काढा. आवाज नको." ते तोंड उघडतात, पण चेहऱ्यावर प्रश्न असतोच: दुखणं जांघेत आणि ही बाई घशात बॅटरी मारतेय!

कारण असं की, पूर्ण भूल देताना स्नायू सैल करणारं औषध दिलं की रुग्णाचा स्वतःचा श्वास थांबतो. पुढच्या काही मिनिटांत तोंडावाटे श्वासनलिकेत नळी जायला हवी. ती सहज जाईल का, याचा अंदाज आधीच घ्यावा लागतो. मूळचे आंध्रातले आणि बॉस्टनला काम करणारे भूलतज्ज्ञ शेषगिरी राव मल्लमपती यांनी १९८५ मध्ये यासाठी अगदी साधी रीत मांडली. उघड्या तोंडात पडजीभ पूर्ण दिसली तर वाट बहुधा मोकळी; जिभेमागे नुसता कडक टाळूच दिसला, तर सावध. एवढ्यावर भागत नाही, म्हणून मान मागे किती वाकते, दात हलतात का, कवळी आहे का, हेही बघतो.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, गुटखा आणि सुपारी. वर्षानुवर्षं खाऊन गालांची आतली त्वचा ताठर होते आणि तोंडात माझी दोन बोटंही मावत नाहीत. हे आदल्या दिवशी कळलं, तर रुग्ण जागा असतानाच नाकातून दुर्बिणीच्या मदतीने नळी घालायची तयारी ठेवता येते. टेबलावर, श्वास थांबल्यावर कळलं तर जिवावर बेततं.

मग विचारते, "दोन मजले न थांबता चढता का?" न थांबता चढणाऱ्याचं हृदय आणि फुप्फुसं शस्त्रक्रियेचा ताण बहुतेकदा पेलतात. पण गुडघेदुखीमुळे जिनाच न चढणाऱ्यांच्या बाबतीत हा प्रश्न फसतो. मग बाजाराची पिशवी कोण आणतं, पाणी कोण भरतं, असं विचारत जावं लागतं.

एकूण तब्येत बघून रुग्णाची एक श्रेणी ठरते. ही पद्धत अमेरिकेत १९४१ मध्ये सुरू झाली. धडधाकट माणूस पहिल्या श्रेणीत, गोळीने आटोक्यात असलेला बीपीवाला दुसऱ्या. ऑपरेशन लहान की मोठं, याचा या आकड्याशी संबंध नाही. तो फक्त माणसाच्या तब्येतीचा आहे.

उपाशी राहण्याबद्दल मात्र मी हट्टी आहे. भुलेत खोकल्याची आणि गिळण्याची प्रतिक्रिया मंदावते, पोटातलं अन्न वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. हलकं खाणं ६ तास आधी बंद, साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं. आणि दुधाचा चहा हे पाणी नव्हे! त्यालाही ६ तासच. "घोटभरच घेतला हो," असं सकाळी कुणी सांगितलं तर मला ते ऑपरेशन पुढे ढकलावं लागतं, आणि मी ढकलते.

व्यसनाचा प्रश्न शेवटी ठेवते. बिडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात ऑक्सिजनची जागा अडवतो. एक दिवस बिडी सोडली तरी तो बराच उतरतो. मिश्रीतलं निकोटिन नाडी आणि बीपी वाढवतं. मुलगा शेजारी उभा असला की काकू मान हलवून "नाही" म्हणतात. मी मुलाला फाइल आणायला पाठवते. दार लागलं की काकू हळूच सांगतात, "सकाळ-संध्याकाळ लावते, बाई. त्याला सांगू नका."