धुरातला कार्बन मोजायचा कसा? मशीन बदललं की आकडा बदलतो

गाळप हंगाम सुरू झाला की चिकोडी-निपाणीपासून इकडं बेळगावपर्यंत संध्याकाळची हवा जड होते, कुठं पाचट पेटवलेलं असतं, कुठं गुऱ्हाळाचं चुलाण चालू असतं, त्यात पुणे-बेंगळुरू हायवेवरच्या ट्रकांचा धूर आणि उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्र्या. मोबाईलवर आपण पीएम २.५ (हवेतले अगदी बारीक, अडीच मायक्रॉनपर्यंतचे कण) बघतो, चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे तेवढं बऱ्याच जणांना माहीतही असतं. पण हा आकडा फक्त वजन सांगतो. त्यात माती किती, सल्फेट किती आणि जळणातनं आलेला कार्बन किती, ते त्यातनं कळत नाही, आणि मला वाटतं आपल्या भागासाठी खरा प्रश्न तोच आहे.

कार्बनचे ढोबळ दोन भाग धरतात. एक सेंद्रिय कार्बन, म्हणजे धुरातले तेलकट, चिकट पदार्थ. दुसरी काजळी, जी उन्हाची उष्णता शोषून घेते.

जुनी आणि अजून भरवशाची पद्धत म्हणजे हवा क्वार्ट्झच्या फिल्टरमधून ओढायची आणि नंतर त्या फिल्टरचा दीड-एक चौरस सेंटीमीटरचा तुकडा कापून भट्टीत टाकायचा. आधी नुसत्या हेलियममध्ये तापवतात, ऑक्सिजन नसल्यामुळं काजळी टिकते आणि सेंद्रिय भाग उडून जातो, मग ऑक्सिजन सोडला की काजळी जळते, दोन्ही वेळचा कार्बन मोजायचा. ऐकायला सोपं आहे. गडबड अशी की काहिलीत काकवी जास्त तापली की तळाला करपून काळी होते ना, तसाच सेंद्रिय कार्बनचा काही भाग उडायच्या ऐवजी तिथंच करपतो आणि काजळीत मोजला जातो. म्हणून तुकड्यावर सतत लेझर मारत ठेवतात. करपायला लागलं की लेझरचा उजेड कमी पोचतो, पुढं काळं जळत गेलं की वाढतो, आणि जिथं तो सुरुवातीच्या पातळीला परत येतो तिथं रेघ ओढतात: अलीकडचं सगळं सेंद्रिय, पलीकडची काजळी.

आता हा उजेड तुकड्याच्या आरपार गेलेला बघायचा की परावर्तित झालेला, यावरनंच उत्तर बदलतं. हेलियममध्ये किती तापवायचं तेही प्रत्येक प्रोटोकॉलचं, म्हणजे ठरवून दिलेल्या कार्यपद्धतीचं, वेगळं. अमेरिकेतल्या नायोश या कामगार-आरोग्य संस्थेच्या पद्धतीत ८७० अंश सेल्सिअसपर्यंत, युरोपच्या युसार-२ मध्ये ६५० पर्यंत. एकूण कार्बन साधारण जुळतो, पण काजळीचा आकडा एका पद्धतीत दुसरीच्या दुप्पटसुद्धा येऊ शकतो, फिल्टर तोच असताना!

आपल्याकडं तर आणखी गुंता. पाचटाच्या धुरात पोटॅशियम असतं, त्याच्यामुळं काजळी कमी तापमानालाच जळायला लागते. फौंड्रीजवळच्या फिल्टरवर लोखंडाचं ऑक्साइड असलं तर ते स्वतःतला ऑक्सिजन देतं आणि हेलियममध्येच थोडी काजळी जाळून टाकतं, म्हणजे रेघच सरकते.

दुसरी पद्धत उजेडाची. एथॅलोमीटर नावाच्या मशीनमध्ये फिल्टरच्या टेपवर कण साठत जातात आणि सात रंगांचा उजेड किती शोषला जातो ते मिनिटामिनिटाला कळतं. ८८० नॅनोमीटर तरंगलांबीचा उजेड शोषतो तो मुख्यतः काळा कार्बन, म्हणजे काजळीच. ३७० ला लाकूड-पाचटाच्या धुरातला तपकिरी कार्बनही उजेड खातो, त्यामुळं दोन्ही आकडे शेजारी ठेवले की डिझेल जास्त की शेतातलं जळण जास्त, याचा बराच अंदाज येतो. पण हे मशीन कार्बन तोलत नाही, उजेडावरनं वजनाचा हिशेब करतं, आणि त्यासाठी धरलेला गुणक सगळ्या धुराला सारखा बसत नाही. शिवाय टेप काळी होत गेली की वाचन कमी येतं, ते दुरुस्त करावं लागतं.

फिल्टरची कटकट टाळणारी मशीनंही आहेत. एकात लेझरनं कण तापतात, भोवतालची हवा फुगते आणि तिचा आवाज मायक्रोफोन ऐकतो. दुसऱ्यात एकेक कण पेटल्यासारखा उजळतो, त्या उजेडावरनं वजन काढतात. दोन्ही छान, पण महाग.

बेळगावात असं मोजमाप करायचं तर माझ्या मते एथॅलोमीटर आणि फिल्टर दोन्ही एकाच जागी, गाळपात आणि पावसाळ्यात, वर्षानुवर्षं एकाच प्रोटोकॉलनं चालवायला हवेत, रिपोर्टात आकड्याशेजारी पद्धतीचं नाव छापायला हवं, आणि प्रत्येक फिल्टरचा उरलेला तुकडा फ्रीजरमध्ये जपून ठेवायला हवा, म्हणजे उद्या कुणी शंका काढली तर तोच तुकडा दुसऱ्या पद्धतीनं परत तपासता येईल.